जायफळ सांगलीतच राहू दे

मावशी, सा. न.

बाळंतपणासाठी मी माहेरी सांगलीला आले होते. लेक आता साडेसहा महिन्यांची झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला घेऊन इंग्लंडमधल्या रेडिंगला, तिच्या बाबांकडे परत निघाले आहे. मुंबईहून लंडनला थेट विमान आहे, दुपारी दीडचं. सोबत सासूबाई आहेत, त्यांचा हा पहिलाच विमानप्रवास. लेक अंगावर पिते, नुकताच मऊ भात आणि केळं सुरू केलंय. जो तो वेगळं सांगतो. शेजारच्या काकू म्हणतात, सर्दीचं औषध अर्धा चमचा पाज, पोरगी लंडनलाच डोळे उघडेल. सासूबाई म्हणतात औषध नको, गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त दे. नवरा रोज एका नव्या वस्तूचा फोटो पाठवतो आणि विचारतो, ही घेऊ का? माझी भीती एकच. ती रडायला लागली आणि थांबलीच नाही तर? दोन-तीनशे माणसं माझ्याकडे बघत बसणार. आणि कान फार दुखतात म्हणतात, ते खरं का?

– एक आई, सांगली

अगं, कानांचं तू शेवटी विचारलंस, पण मी सुरुवात तिथूनच करते. या अख्ख्या प्रवासात बाळाला खरोखर दुखेल अशी तेवढी एकच गोष्ट आहे. बाकी सगळी गैरसोय, आणि ती बरीचशी आपली, तिची नव्हे.

विमान पस्तीस-छत्तीस हजार फुटांवरून जात असलं तरी आतल्या हवेचा दाब तेवढा उतरू देत नाहीत. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जितका असेल तितका तो ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तुझी लेक दुपट्यात गुंडाळलेली, अर्ध्या तासाच्या आत कळसूबाईच्याही वर जाऊन बसणार आहे. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला ही उंची सोसते. कमी दिवसांचं बाळ असेल, छातीचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. विमान वर चढतं तेव्हा कानातली हवा फुगते आणि या नळीतून आपसूक बाहेर पडते, फारसा त्रास होत नाही. त्रास उतरताना. बाहेरचा दाब वाढत जातो, कानाचा पडदा आत ओढला जातो, आणि नळी मिटून बसते. ती उघडते गिळल्यावर किंवा जांभई दिल्यावर. आंबा घाट उतरून कोकणात जाताना आपण आवंढा गिळतो ना, तेच. लहान बाळांची नळी अरुंद असते आणि जवळजवळ आडवी, म्हणून त्यांना जास्त जाणवतं. आणि आवंढा गिळ म्हणून त्यांना सांगता येत नाही. म्हणून पाजायचं.

कधी पाजायचं, इथे बहुतेक आया गडबडतात. विमान जागचं हललं की लगेच पदराखाली घेतात. मुंबईत धावपट्टीवर रांग असते. विमान अर्धा तास नुसतं रांगत राहतं, तोवर बाळ पोटभर पिऊन झोपलेलं असतं. चढताना ते चालूनही जाईल. उतरताना चालणार नाही. विमान जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी खाली यायला लागतं. चाकं बाहेर येण्याचा आवाज होतो तेव्हा बराचसा उतार संपलेला असतो. तेव्हा कुणा केबिन क्रूला आधीच सांगून ठेव, ‘उतरायला सुरुवात झाली की मला सांगा.’ त्या सांगतात. त्याआधी तासभर तिला पोटभर पाजू नकोस, म्हणजे ती त्या वेळी पिईल. एका बाजूला दोन मिनिटं, थांब, परत दोन मिनिटं, असं लांबव. पिणं नको असेल तर चोखायला स्वच्छ धुतलेलं तुझं बोट दे, चोखणी वापरत असशील तर ती दे.

आता तुझ्या विमानाचं वेळापत्रक मांडून बघ. दीडला निघालं, हवेत दहा तासांच्या आसपास. म्हणजे उतरायला लागेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतील. लेक ऐन गाढ झोपेत. झोपेत माणूस कमी गिळतं, बाळही. ‘झोपलीय ती बरी, उठवू नकोस’ असं आजूबाजूचे सांगतील, सासूबाईसुद्धा सांगतील. विमानात भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, त्यातून तिला तर काढावंच लागणार, कारण उतरताना तो ठेवू देत नाहीत. काढलीस की अर्धवट जागी होईल, त्या गुंगीतच छातीशी लाव. साडेसहा महिन्यांची बाळं डोळे मिटूनही छान पितात.

एवढं करूनही ती रडली तर? रडताना बाळ हवा घेतं, गिळतं, जबडा हलवतं. त्याने कान उघडतात. तेव्हा उतरतानाचं रडणं हा तिने स्वतः शोधलेला उपाय समज आणि तिला तो करू दे.

सर्दीचं मात्र बघ. नाक चोंदलेलं असलं की ती नळीही चोंदते. निघायच्या दोन-तीन दिवस आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून कान-नाक तपासून घे. नाकात घालायचे साधे मिठाच्या पाण्याचे थेंब लिहून घे, आणि ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती द्यायचं ते तिच्या आजच्या वजनावरून ठरवून कागदावर घे. कान सुजलेला, पिकलेला असेल आणि डॉक्टर म्हणाले तारीख पुढे ढकला, तर पैसे गेले तरी ढकल. आणि लस द्यायची राहिली असेल तर ती प्रवासाच्या आदल्या दिवशी उरकू नकोस, तापातलं बाळ घेऊन विमानात बसावं लागेल.

आता औषधाचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

काकू म्हणतात ती सर्दीची औषधं झोप आणतात हे खरंय. झोप हा त्यांचा दुष्परिणाम आहे. प्रवासात मुलांना हमखास पाजलं जाणारं एक औषध म्हणजे प्रोमेथाझिन. श्वास मंदावून लहान मुलं दगावल्याच्या नोंदी झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला: दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. आपल्याकडे सर्दीच्या किती तरी बाटल्यांत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतं. ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तुझी लेक साडेसहा महिन्यांची आहे. त्यात काही मुलांना या औषधांनी झोप येतच नाही. उलट ती चवताळतात, हातपाय झाडतात, तासन् तास शांत होत नाहीत. हा प्रयोग जमिनीपासून सात मैल उंचावर करायचा? श्वासाचं काही झालं तर तिथे कोण बघणार? आणि पोट ढवळेल म्हणून उलटीचं औषधही नको. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी-विमान सहसा लागत नाही.

सासूबाईंचं जायफळ. त्यांनी त्यांच्या मुलांना दिलं, त्यांच्या सासूने तिच्या मुलांना दिलं, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या अनुभवाचा अपमान करायचा नाही. पण त्यांना असं सांग: जायफळाने गुंगी येते ती त्यातल्या तेलातल्या द्रव्यांमुळे, आणि सहाणेवर किती उतरलं याला माप नसतं. जायफळ ताजं आहे की जुनं, वेढा हलका की जोरात, सहाण गुळगुळीत की खरबरीत, प्रत्येक वेळी मात्रा वेगळी. जास्त झालं तर उलट्या होतात, छातीत धडधड वाढते, बाळ निपचित पडतं. त्यात त्या ‘चार वेढे जास्त’ म्हणतात. आणि गुटी मधात देत असाल तर मध एक वर्षापर्यंत बंदच. मधात कधी कधी अशा जंतूंचे बीज असतात, जे मोठ्यांचं काही बिघडवत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

हे मी सगळं का ताणते आहे? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या बाया पोरांना अफूची बाळागोळी देत. पोराला सांभाळायला घरी कुणी नाही, कामाची पाळी चुकली तर मजुरी गेली. नाइलाज होता त्यांचा. तुझा काय नाइलाज आहे? शेजारच्या सीटवरच्या माणसाची झोप. काकूंचं औषध आणि सासूबाईंचं जायफळ हे दोन्ही बाळ शांत राहावं म्हणून आहेत. बाळाला बरं वाटावं म्हणून त्यातलं एकही नाही. मी या उत्तरात तुला सांगते आहे ते सगळं बरं वाटण्याचं आहे. बरं वाटलेलं बाळ बहुतेक वेळा शांत असतं. नेहमीच असेल असं नाही, आणि ते चालतं.

जागेची सोय आजच बघ, ही सगळ्यात निकडीची गोष्ट. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र सीट नसते, ते मांडीवर. पण लांबच्या विमानांत प्रत्येक भागाच्या पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो, त्याला बॅसिनेट म्हणतात. ते मोजकेच असतात. विमान कंपनीला फोन करून मागून ठेव, लेकीचं वजन आणि लांबी सांग. वजनाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, आणि साडेसहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ कुठे मर्यादेच्या काठावर असेल ते आधी कळलेलं बरं. तुझं आणि सासूबाईंचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर दोन्ही एकमेकांना जोडून द्यायला सांग, नाहीतर तू पुढे आणि त्या पार मागे, अनोळखी माणसाशेजारी, पहिल्याच प्रवासात. विमानात गेल्यावर जागा बदलू म्हणशील तर दर वेळी जमत नाही. ऑक्सिजनचे मुखवटे प्रत्येक रांगेत सीटपेक्षा एखादाच जास्त असतो, त्यामुळे मांडीवरचं बाळ कुठल्याही सीटवर बसवता येत नाही. (तो मुखवटा खाली आलाच, तर आधी स्वतःला लाव, मग तिला. ऐकायला निर्दय वाटतं, पण तू बेशुद्ध पडलीस तर तिला लावणार कोण.)

भिंतीजवळच्या जागेचे तोटेही ऐक. समोर सीट नाही म्हणून पायाशी पिशवी ठेवता येत नाही, उडताना आणि उतरताना सगळं वर जातं. आणि नेमकं तेव्हाच तुला दुपटं लागणार. म्हणून एक दुपटं, एक डायपर, ओल्या पुसण्यांचं छोटं पाकीट आणि घाणेरडं टाकायला प्लास्टिकची पिशवी, एवढं एका लहान थैलीत घालून अंगाशी ठेव. स्वच्छतागृहातही तेवढंच न्यायचं. बाळाला बदलायची फळी प्रत्येक स्वच्छतागृहात नसते, कुठल्यात आहे ते विचारून घे. हलत्या विमानात मोठी पिशवी खांद्यावर आणि बाळ हातात घेऊन तिथे वळतासुद्धा येत नाही.

उडताना-उतरताना तुझ्या पट्ट्यात अडकवायचा बाळाचा वेगळा छोटा पट्टा क्रू देते. तुझा पट्टा तुझ्या एकटीच्या कमरेला, बाळ त्याच्या आत कधीच नाही. धक्का बसला तर तुझ्या वजनाखाली ते चेंगरेल. तिला कापडी पट्ट्यात अंगाशी बांधून नेत असशील तर त्या दोन वेळी त्यातूनही बाहेर काढायला सांगतात. आणि पाळणा मिळाला नाहीच, तर मधल्या वाटेच्या कडेची जागा तू घेऊ नकोस, सासूबाईंना दे. वाटेवरून उकळता चहा जातो, वरून बॅगा काढतात.

दूध आणि खाणं. अंगावर पिते आहे म्हणजे तुझं निम्मं ओझं कमी झालं, बाटली नाही, पावडर नाही, गरम पाणी मागायला नको. तू स्वतः पाणी पीत राहा. विमानातली हवा फार कोरडी असते, ओठ फुटतात, नाक सुकतं. तिला सहा महिने झालेत तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट चालतील. सहा महिन्यांखालचं बाळ असतं तर पाणीही नको म्हटलं असतं, आईचं दूध पुरतं. नवीन काही त्या दिवशी भरवू नकोस. केळं तिला माहीत आहे तर केळंच. आणि थोडं थोडं. उंचीवर पोटातला वायूही फुगतो, जमिनीवर आहे त्याच्या जवळजवळ सव्वापट होतो. गच्च भरलेलं पोट आणि वर हा वायू, मग बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं आणि आपण म्हणतो कान दुखतायत. दर वेळी पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, कंटाळा करायचा नाही. हे काम आजीला दे. त्यांचा हात तुझ्यापेक्षा तयार आहे.

ज्या वाचकांची बाळं बाटलीने पितात त्यांच्यासाठी दोन ओळी: पावडर मोजून कोरड्या डब्यांत वेगवेगळी न्या, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि दूध आयत्या वेळी कालवा. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभराने टाकून द्यायचं, कितीही जीव हळहळला तरी. बाळासाठीचं दूध-पाणी १०० मिलिलिटरच्या नियमात अडकत नाही, तपासणीत ते वेगळं काढून दाखवायचं. आणि जमिनीवर भरलेली बाटली वर गेल्यावर उघडताना हळू उघडा, नाहीतर आतल्या दाबाने दूध थेट शेजाऱ्याच्या शर्टावर.

सासूबाईंनी साजूक तूप आणि पेढे बांधलेच असतील. बाहेर काढायला लाव. भारतातून दुधाचे पदार्थ घेऊन ब्रिटनमध्ये उतरता येत नाही.

कपडे सैल आणि सुती, एकावर एक, काढता-घालता येतील असे. पाठीला वीस बंद असलेलं हौसेचं झबलं बारशाला छान दिसतं, विमानात नाही. टोपडं जवळ असू दे, रात्री आत गारठा होतो. लंगोट त्या दिवशी विसर, डायपर लाव, आणि विमानात चढण्याच्या अगदी आधी बदल. तिचे कपडे तू दोन जोड घेशीलच. स्वतःसाठीही एक कुर्ता वर काढून ठेव, ते कुणी घेत नाही आणि मग दहा तास आंबट वास घेऊन बसावं लागतं. हातातले वाळे, मनगट्या तपासणीत वाजतील, त्या बॅगेत. गळ्यातला काळ्या मण्यांचा दोरा मात्र मी प्रवासापुरता नव्हे, झोपेत कायमचाच काढायला सांगते. तो अडकतो, आवळतो. दृष्टीची काळजी असेल तर गालाला तीट लाव, ती गळ्यात अडकत नाही.

सांगली ते मुंबई सात-आठ तास. रात्रभर गाडीत काढून सकाळी थेट विमानतळावर, असं करू नका. आदल्या दिवशी मुंबईत कुणाकडे तरी मुक्काम करा. सकाळी तिची नेहमीची अंघोळ होऊ दे, तेल हात फिरवण्यापुरतं, धुरी नको. विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी पोचायचं, पण तिथल्या रांगांत ती एका जागी बांधलेली नको. सामान चढवून झालं की तिला खाली सतरंजीवर टाक, लोळू दे, हातपाय मारू दे. पुढचे दहा तास तिला असं मोकळं लोळायला मिळणार नाही. बाळवाल्यांना विमानात आधी सोडतात तेव्हा सासूबाईंना बॅगा घेऊन पुढे पाठव, वरची जागा धरायला. तू लेकीला घेऊन शेवटी जा. वीस मिनिटं आधी कोंडून घ्यायचं कारण नाही.

आत गेल्यावर पहिल्या चार-पाच तासांत तिला झोपवायच्या मागे लागू नकोस. तिच्या लेखी ती दुपार आहे. खेळू दे, माणसं बघू दे, आजीला वाटेवरून फेऱ्या मारू देत. आठच्या सुमाराला, आपल्या घड्याळात, रोजचा क्रम कर: डायपर बदल, रात्रीचं झबलं, दूध, आणि घरी म्हणतेस तीच अंगाई, हळू आवाजात. लाजू नकोस, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. घरचं न धुतलेलं दुपटं अंथरायला ने, तो वास तिला ओळखीचा आहे. पाळण्यात पाठीवरच निजवायचं, तोंडाजवळ सैल पांघरूण किंवा उशी काही नको. विमान हलायला लागलं की पट्टे बांधायचा दिवा लागतो, तेव्हा बऱ्याच कंपन्या बाळाला पाळण्यातून मांडीवर घ्यायला लावतात. मग बाळ जागं होतं आणि आईच्या डोळ्यांत पाणी येतं. तेवढं धरून चाल. फक्त तू आणि सासूबाई, दोघींनी एकाच वेळी झोपायचं नाही. मांडीवर बाळ घेऊन आईला डुलकी लागली की बाळ सीटच्या खाचेत घसरतं, नाक दबतं. दोन-दोन तासांची पाळी लावा.

तुझ्या नवऱ्याने पाठवलेल्या वस्तूंबद्दल. कानात घालायचे दाब कमी करणारे बोळे, हवेची उशी, बाळासाठीचे हेडफोन, प्रवासी खाट... यातलं काही नको. पैसे खर्च करायची हौसच असेल तर त्यांनी विमानतळावर येताना गाडीत बाळाची सीट बसवून यावं. तिकडे गाडीत मुलांसाठी ती कायद्याने लागते, आणि पहिल्या दिवशीच मांडीवर घेऊन निघणं बरं नाही. एक मात्र कामाचं आहे, घडी होणारी हलकी बाबागाडी. विमानाच्या दारापर्यंत नेता येते. परत दारात मिळते की सामानाच्या पट्ट्यावर, ते देतानाच विचार.

कागद: तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि लेकीच्या पासपोर्टवर बाबांचं असेल तर तिचा जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेव, ती तुझीच का असं तिकडचे अधिकारी विचारू शकतात. लसीकरणाचं कार्डही.

आता ती दोन-तीनशे माणसं. हल्ली काही आया आसपासच्या प्रवाशांना चॉकलेटं आणि कानात घालायचे बोळे असलेल्या छोट्या पुड्या वाटतात, वर बाळाच्या नावाने आगाऊ माफीची चिठ्ठी. तुला कुणी सुचवलं तर करू नकोस. माफी कसली? तिचं तिकीट काढलंय, तिथे असण्याचा तिला हक्क आहे. ती रडेल तेव्हा क्रम ठरलेला ठेव: भूक, ओलं, गारठा किंवा उकाडा, वायू, कान, मग कंटाळा. क्रमाने बघत गेलीस की हात चालू राहतो आणि डोळे आपोआप लोकांवरून हटतात. सगळं बघून झालं आणि तरी रडतेय, तर उभी राहून तिला छातीशी धरून मागच्या मोकळ्या जागेत जा आणि झुलत राहा. त्या दोन-तीनशे माणसांतले निम्मे स्वतः आईबाप असतात. कुणी आपणहून हात पुढे केला आणि सासूबाई शेजारी असतील, तर पाच मिनिटं देऊन तू चहा घे. एखादा कपाळाला आठ्या घालून बघेलच. तो बसमध्येही बघतो.

उतरल्यावर तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतील आणि तुमच्या अंगात रात्रीचे साडेअकरा. सप्टेंबरात साडेचार तासांचा फरक असतो. म्हणजे इथे सकाळी सहाला उठणारी लेक तिकडे रात्री दीडला टक्क जागी होईल, खेळायच्या तयारीत. चार-पाच दिवस हे चालणार. तिला औषध देऊन, दामटून झोपवू नका. त्या वेळी दिवे मंद ठेवा, गप्पा नकोत. दिवसा मात्र भरपूर उजेडात ने, दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबू देऊ नकोस, आणि झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकव. सासूबाईही दीडलाच जाग्या होतील, त्यांचं शरीरही सांगलीच्याच वेळेवर आहे. ती पाळी त्यांना आणि नवऱ्याला दे. प्यायची वेळ झाली तरच त्यांनी तुला उठवायचं.